मोटारशर्यतीतील सुरक्षितता : बिघाड आणि संदेश

दक्षिण आफ्रिकेतील कायलामी येथे ५ मार्च १९७७ रोजी शर्यत सुरू असताना रेन्झो झोर्झी यांची मोटार बिघाडामुळे मार्गाच्या कडेला थांबली. गळलेल्या इंधनाने किरकोळ पेट घेतला. झोर्झी सुखरूप बाहेर पडले. मात्र आग विझविण्यासाठी दोन मार्शल परवानगीविना मार्ग ओलांडू लागले. चढामुळे मागून येणाऱ्या चालकांना ते दिसत नव्हते. टॉम प्राइस यांच्या मोटारीची धडक बसून १९ वर्षांचा एक मार्शल ठार झाला. त्याच्या हातातील अग्निशामक यंत्र डोक्यावर आदळून प्राइसही मृत्युमुखी पडले. बिघाड लहान होता. अनर्थ घडला तो संदेशाच्या अभावी.

हौशी स्पर्धांत मार्शलचे काम बहुधा स्वयंसेवक करतात. म्हणूनच हा धडा तेथे अधिक मोलाचा ठरतो.

पहिली दक्षता शर्यतीपूर्वीची. ब्रेक, इंधननळ्या, बॅटरीची पकड, आसनपट्टा व शिरस्त्राण यांची तपासणी व्हावी. ॲक्सिलरेटर सोडताच तो पूर्ववत होतो की नाही, हेही पाहावे. दोष आढळल्यास वाहन रोखण्याचा तपासनिसाचा निर्णय अंतिम मानावा. ओळख वा आग्रह यांस तेथे थारा नसावा.

धावत्या वाहनातील दोष चालकाला पुष्कळदा दिसत नाही. तो मार्शलला दिसतो. त्यासाठी निशाणांची भाषा आहे. नारिंगी वर्तुळ असलेले काळे निशाण वाहनक्रमांकासह दाखविले, की त्या चालकाने दुरुस्तीसाठी बाहेर यावे. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, कोणास ओलांडू नका. पिवळ्यावर तांबडे पट्टे म्हणजे मार्ग निसरडा. तांबडे निशाण म्हणजे शर्यत स्थगित.

मार्शलने नियंत्रण कक्षास द्यावयाचा संदेश त्रोटक, पण पूर्ण असावा : "चौकी चार, वाहन बारा, इंधनगळती, चालक बाहेर, अग्निशमन हवे." कक्षाने तो उलट वाचून दाखवावा. कक्षाची अनुज्ञा मिळेपर्यंत कोणीही मार्गावर पाऊल टाकू नये. बिनतारी यंत्र बंद पडल्यास पर्यायी व्यवस्था कोणती, हे आधीच ठरलेले असावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ अन्वये सार्वजनिक ठिकाणी शर्यतीस राज्य शासनाची लेखी संमती आवश्यक आहे. गावालगत अशी स्पर्धा योजिली जात असल्यास पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी आयोजकांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : वाहने कोण तपासणार? शर्यत थांबविण्याचा अधिकार कोणाचा? आणि त्याचा आदेश शेवटच्या चौकीपर्यंत कसा पोहोचणार? यांची स्पष्ट उत्तरे मिळाल्यावाचून पहिले वाहन सुटू नये.