वेल्डरच्या दाखल्यात जाडी किती?

आपल्या कारागिरांची पुष्कळ मुले वेल्डिंगच्या धंद्यात आहेत. ग्रिल-शटरच्या वर्कशॉपमध्ये हात बसला की पुढे टाक्या, बॉयलर, रिफायनरीचे पाइप अशी वाटचाल होते; काही जण आखातातही पोहोचतात. तेथे हुनराइतकाच कागद पाहिला जातो. आम्ही कापडवाले. पन्हा पाहिल्याशिवाय आम्ही ठाण घेत नाही. वेल्डरच्या दाखल्यात तसाच जाडीचा रकाना पाहावा.

आमच्या माहितीतील एका मुलाने ६ मिलिमीटर प्लेटवर परीक्षा दिली. जोड साफ होता, बेंड टेस्टही पास झाली. मात्र काम निघाले १६ मिलिमीटर जाडीच्या पाइपचे. इन्स्पेक्टरने दाखला परत केला आणि मुलाची संधी गेली. मुलाला वाटले, हा अन्याय आहे. पण तो अन्याय नव्हता, हिशेब होता.

बॉयलर व दाबपात्रांच्या कामात अमेरिकेतील एएसएमई संहितेचा नववा भाग लावतात. त्याचा नियम असा: परीक्षेत वेल्डरने जितक्या जाडीची धातू भरली, तिच्या दुपटीपर्यंतच तो कामावर भरू शकतो. वरचा उंचवटा मोजत नाहीत. म्हणजे ६ ला १२. पण भरलेली जाडी १३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे चार सूत, किंवा अधिक असेल आणि ती किमान तीन थरांत भरली असेल, तर वरची मर्यादा उरत नाही.

याचे कारण सरळ आहे. पातळ जोड दोन-तीन फेऱ्यांत भरतो. जाड जोडात थरावर थर चढतात. मधला स्लॅग नीट निघाला नाही किंवा कडेची धातू वितळली नाही, तर दोष आतच दबून राहतो. तो हात परीक्षेत दिसला पाहिजे.

आता फसगतीची जागा पाहा. पाइप १३ मिलिमीटरचा. तळाचे ३ मिलिमीटर आर्गनने भरले, वरचे १० आर्कने. पुष्कळांना वाटते, आता मर्यादा संपली. तसे नाही. प्रत्येक पद्धतीचा हिशेब वेगळा असतो: आर्गनला ६ पर्यंत, आर्कला २० पर्यंत. दोन वेल्डरांनी मिळून जोड भरला, तर प्रत्येकाला त्याने स्वतः भरलेल्या जाडीचाच हिशेब लागतो.

इतर संहितांचे आकडे वेगळे आहेत. पोलादी इमारतींसाठीच्या अमेरिकन डी१.१ संहितेत प्लेटची जाडी धरतात: १० मिलिमीटर प्लेटवर ३ ते २० पर्यंत, २५ च्या प्लेटवर ३ पासून पुढे कितीही. आयएसओ ९६०६-१ मध्ये ही सूट १२ मिलिमीटर आणि तीन थरांवर मिळते. म्हणून ऑर्डरमध्ये कोणती संहिता लिहिली आहे, हे आधी विचारावे.

आणखी एक गोष्ट. एएसएमईप्रमाणे सहा महिने ती पद्धत वापरली नाही, तर दाखला बाद होतो. कामाची नोंद ठेवावी.

वर्कशॉपच्या मालकांनी ठेका घेण्यापूर्वी सर्वांत जाड जोड मोजून वेल्डरच्या दाखल्याशी ताडून पाहावा. मुलांनी परीक्षेला बसतानाच जाड कूपन मागावे. त्यात दोन तास जास्त जातील, पण पुढचे दार बंद होणार नाही.