लाल शिडांची नौका

एखादी उपयुक्त वस्तू निर्माण करणे हे कष्टाचे काम आहे, यात शंका नाही. परंतु ती वस्तू दोन-तीन पिढ्यांपर्यंत लोकांच्या आवडीत टिकवून धरणे हे त्याहूनही अवघड असते. मोठमोठ्या जहाजांच्या इतिहासात या गोष्टीची उदाहरणे पुष्कळ सापडतील. परंतु आज आपण पाहणार आहोत ती कथा अवघ्या अकरा फुटांच्या एका शिडाच्या होडीची आहे. तिचे नाव मिरर.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी इंग्लंडमध्ये शिडाची नौका बाळगणे हा बहुतांशी धनिकांचा छंद होता. कुशल सुतारांनी महिनोन्‌महिने खपून तयार केलेली नौका सामान्य कारकुनाला अथवा कामगाराला परवडत नसे. महायुद्धानंतर मात्र जलाभेद्य प्लायवूड मिळू लागले आणि पातळ फळ्यांच्या हलक्या नौका घरच्या घरी बांधणे शक्य झाले. अशा नौकांचे आराखडे काढण्यात जॅक होल्ट यांचा हातखंडा होता. त्यांनीच आखलेल्या एंटरप्राइझ नावाच्या नौकांची शर्यत १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत आपल्या मुंबईच्या समुद्रात झाली होती.

'डेली मिरर' या लंडनच्या वृत्तपत्राने सर्वसामान्य कुटुंबासाठी स्वस्त नौका लोकांपुढे आणण्याचे मनावर घेतले. दूरदर्शनवर घरगुती सुतारकाम शिकविणारे बॅरी बकनेल यांनी बांधणीची सोपी रीत सिद्ध केली आणि होल्ट यांनी तिला शर्यतीस योग्य असे रूप दिले. १९६३ च्या जानेवारीत लंडनच्या नौकाप्रदर्शनात ही नौका लोकांसमोर आली. तिच्या सर्व सुट्या भागांची किंमत त्रेसष्ट पौंड अकरा शिलिंग, म्हणजे त्या वेळच्या आपल्या चलनात साडेआठशे रुपयांच्या आत होती.

ही नौका बांधण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. मापाने कापलेले प्लायवूडचे तुकडे पेटीतून घरी येत. त्यांच्या कडांना बारीक छिद्रे पाडलेली असत. शिंपी ज्याप्रमाणे कापडाचे दोन तुकडे टाके घालून जोडतो, त्याप्रमाणे त्या छिद्रांतून तांब्याची तार ओवून फळ्या एकमेकींना जोडावयाच्या, तारा पिळून सांधे घट्ट करावयाचे आणि मग त्या सांध्यांवर काचतंतूंची पट्टी राळेने चिकटवावयाची. राळ वाळली की सांधा पक्का होई. यासाठी कारखाना नको की मोठी अवजारे नकोत. घराच्या पडवीत, मोटारीच्या कोठीत, इतकेच काय, पण शाळेच्या सुतारकामाच्या वर्गातही मिरर नौका तयार होऊ लागल्या.

नौकेची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. तिची नाळ इतर होड्यांप्रमाणे निमुळती नसून पुढून आडवी कापल्यासारखी आहे. दिसण्यास ती थोडी बोजड वाटते. परंतु त्यामुळे थोड्या लांबीतही आत बसावयास पुष्कळ जागा मिळते. नौकेचे वजन सुमारे ४५ किलोग्रॅम. तिची डोलकाठी आखूड असून शीड वर ताणण्यासाठी तिला दुसरी काठी जोडलेली असते. ही सर्व लाकडे नौकेच्या लांबीत मावत असल्याने संपूर्ण होडी मोटारीच्या टपावर बांधून नेता येते. आत हवाबंद कप्पे असल्याने नौका उलटली तरी बुडत नाही. वारा पडला तर वल्ही मारावीत. दोन मुले किंवा एक मूल व एक मोठे माणूस तिला सहज सांभाळू शकतात. तिची लाल शिडे तर दुरूनही ओळखू येत.

पाहता पाहता नद्या, तळी आणि खाड्या या लाल शिडांनी फुलून गेल्या. इंग्लंडबरोबरच आयर्लंड, हॉलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका या देशांतही मिरर नौका पोहोचल्या. प्रत्येक नौकेला क्रमांक दिला जातो. त्या क्रमांकांनी सत्तर हजारांचा आकडा ओलांडला आहे.

या नौकेच्या धीमेपणाला कोणी हसावे, तर १९९७ साली मॅकिनन नावाच्या एका शिक्षकाने केलेला प्रवास आठवावा. इंग्लंडच्या वेल्स सीमेजवळून ते एका जुन्या मिरर नौकेत एकटेच निघाले. नद्या आणि कालवे ओलांडीत, इंग्लिश खाडी पार करून, ऱ्हाईन व डॅन्यूब या नद्यांच्या मार्गाने ते पुढील वर्षी काळ्या समुद्रापर्यंत जाऊन पोहोचले.

परंतु लोकप्रियता ही भरतीच्या पाण्यासारखी असते. १९७० नंतर एकट्याने चालवावयाच्या, कारखान्यात साच्यातून निघणाऱ्या नव्या नौका आल्या. त्यांना रंग देणे नको, फळ्या कुजण्याची भीती नको. विकत घ्यावी आणि पाण्यात लोटावी. पूर्वी जो पिता हिवाळाभर खपून मुलांसाठी होडी बांधीत असे, त्याच्यापाशी आता तितकी सवड उरली नव्हती. अनेक मिरर नौका कोठीच्या कोपऱ्यात धूळ खात पडल्या. मुले मोठी होऊन घराबाहेर गेली आणि लाल शिडांच्या घड्यांना कसर लागली.

अशा वेळी मिररप्रेमी नौकामालकांच्या संघापुढे मोठा पेच उभा राहिला. तो नीट समजण्यासाठी नौकांचा 'वर्ग' म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. कुस्तीत सारख्या वजनाचे मल्ल एकमेकांशी लढतात. त्यामुळे बळाबरोबर कसबाचीही परीक्षा होते. त्याप्रमाणे एका वर्गातील सर्व नौका ठरलेल्या मापाच्या, वजनाच्या व शिडाच्या असतात. मग जो जिंकतो तो पैशाच्या जोरावर नव्हे, तर वाऱ्याचा रोख ओळखण्याच्या कौशल्यावर जिंकतो. नियम कडक असले म्हणजे वीस वर्षांची जुनी होडीही नव्या होडीशी बरोबरी करू शकते. यामुळेच जुन्या नौकेचे मोल टिकते आणि गरीब घरातील मुलालाही थोडक्या पैशांत शर्यतीत उतरता येते.

आता काहींचे म्हणणे असे पडले की, काळाबरोबर चालले नाही तर नवी मुले या नौकेकडे वळणार नाहीत. दोन काठ्यांची जुनी रचना सोडून एकसंध उंच डोलकाठी घ्यावी आणि लाकडाच्या जागी काचतंतूंचे कवच वापरावे. दुसरा पक्ष म्हणे, असे केल्यास हजारो जुन्या नौका एका दिवसात निरुपयोगी ठरतील. ज्यांच्या निष्ठेवर हा वर्ग उभा आहे, त्यांनाच आपण दूर लोटू. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य होते. नियम कधीच न बदलणारा वर्ग हळूहळू संग्रहालयातील वस्तू होतो. आणि दर वर्षी नियम बदलणाऱ्या वर्गात ज्याची थैली मोठी, त्याचीच सरशी होते.

अखेर मधला मार्ग निघाला. काचतंतूंच्या नौकांना संमती मिळाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी एकसंध डोलकाठीलाही मान्यता देण्यात आली. परंतु जुन्या रचनेची नौका बाद ठरविली गेली नाही. नवी व जुनी नौका एकाच आरंभरेषेवर उभी राहू शकेल, ही दृष्टी ठेवण्यात आली. हा निर्णय सर्वांनाच रुचला असे नाही. आणि पूर्वीची भरतीही परत आली नाही. तथापि वर्ग नामशेष झाला नाही, हेही खरे.

नियमांनी वर्ग टिकतो, पण तो वाढतो माणसांमुळे. एखाद्या तळ्याकाठी एकच मिरर असेल, तर तिच्या मालकाला शर्यत कोणाशी लावावी हा प्रश्न पडतो, आणि काही दिवसांत तोही तिथे येईनासा होतो. तेथे पाच-सहा नौका जमल्या की परस्परांत चढाओढ लागते, चढाओढीतून स्नेह जुळतो आणि स्नेहापोटी नवा मनुष्य आपण होऊन येतो. म्हणून जाणता नाविक पडून असलेली जुनी होडी शोधून काढतो, सुट्टीच्या दिवशी तिचे सांधे दुरुस्त करून देतो आणि शेजारच्या मुलाला सुकाणू हाती धरावयास लावतो. शर्यतीत शेवटी आलेल्या मुलाची जो आस्थेने विचारपूस करतो, त्याने पहिल्या आलेल्या नाविकापेक्षा वर्गाची अधिक सेवा केली असे म्हटले पाहिजे. कारण शेवटी आलेला मुलगा पुढच्या रविवारी पुन्हा येतो की नाही, यावरच सारे अवलंबून असते.

मुलांनो, आपल्या गावातील वाचनालय, तालीम, भजनी मंडळ किंवा नाटकमंडळी यांच्याकडे एकदा या दृष्टीने पाहा. स्थापनेच्या दिवशी तेथे केवढी गर्दी जमलेली असते! त्यानंतर दर संध्याकाळी दिवा लावणारा, सतरंजी अंथरणारा आणि नव्याने आलेल्यास जवळ बसवून घेणारा कोणीतरी असतो, म्हणूनच ती संस्था चालते. पाण्यावरील त्या लहानशा नौकेची गोष्ट याहून निराळी नाही.

स्वाध्याय

१. मिरर नौका घरच्या घरी बांधणे कशामुळे शक्य झाले, ते सांगा.
२. नौकांच्या वर्गात नियम कडक ठेवल्याने कोणाचा लाभ होतो व का?
३. नियम बदलण्याविषयी दोन पक्षांचे म्हणणे तुमच्या शब्दांत मांडा. तुम्हांस कोणते पटते, ते कारणासह लिहा.
४. 'शेवटी आलेला मुलगा पुन्हा येतो की नाही, यावरच सारे अवलंबून असते.' या विधानाचे स्पष्टीकरण करा.
५. पुढील शब्द वाक्यांत योजा : नाळ, सुकाणू, डोलकाठी, नामशेष होणे, हातखंडा असणे.
६. तुमच्या गावातील एखादी जुनी संस्था कोणामुळे टिकून आहे, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.