फॉरमॅट मारायच्या आधी

अगं, ऐक माझं. ऐन मीटिंगमध्ये उबंटूचं वायफाय गेलं म्हणजे लॅपटॉप कामातून गेला असं नसतं. आधी फोन बघ. फोनवर त्याच राउटरचं नेट चालतंय आणि लॅपटॉपला मात्र एकही नेटवर्क दिसत नाही? मग बहुधा वायफायचा ड्रायव्हर पडलाय. ऑफिसातलं कुणीतरी लगेच सांगेल, "फॉरमॅट मार, नव्यानं टाक." मुळीच मारू नकोस. नव्यानं टाकलंस तरी पुन्हा तोच ड्रायव्हर पदरात पडणार!

पहिलं म्हणजे काम अडू देऊ नकोस. फोन केबलनं लॅपटॉपला जोड आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. बहुतेक वेळा लगेच नेट मिळतं. मीटिंग उरक, चहा घे, मग निवांत बस.

आता टर्मिनल उघड. 'एलएसपीसीआय' लिहून पुढे 'मायनस के' दे. कार्ड कुठलं आणि ड्रायव्हर कुठला, दोन्ही कळेल. मग 'सुडो डीमेसेज', पुढे 'मायनस' आणि कॅपिटल 'टी', म्हणजे प्रत्येक ओळीपुढे घड्याळाची वेळ येते. ओळी ढीगभर येतील, सगळ्या वाचायच्या नाहीत. नेट गेलं त्या मिनिटाच्या आसपास ड्रायव्हरचं नाव शोध. इंटेलचं कार्ड असेल तर 'आयडब्ल्यूएलवायफाय'च्या पुढे 'मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड' असं लिहिलेलं कदाचित सापडेल. म्हणजे कार्डाच्या आत चालणारं फर्मवेअर कोसळलं. ड्रायव्हरचा सोर्स कुणालाही वाचता येतो, पण हे फर्मवेअर कंपनी तयार फाइल म्हणून देते. ती 'लिनक्स-फर्मवेअर' या पॅकेजमधून येते. ते अपडेट कर आणि नुसतं रीस्टार्ट न करता लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू कर.

लॉगमध्ये ठळक काही नाही, पण जरा वेळ लॅपटॉपला हात लावला नाही की नेट तुटतं? मग संशय पॉवर सेव्हिंगवर घे. 'ईटीसी'मधल्या 'नेटवर्कमॅनेजर' फोल्डरात, 'कॉन्फ डॉट डी'च्या आत एक छोटी फाइल असते. त्यात 'वायफाय डॉट पॉवरसेव्ह'पुढे 3 असेल, तिथे 2 कर. 3 म्हणजे बचत चालू, 2 म्हणजे बंद. बॅटरी थोडी जास्त जाईल, जाऊ दे.

आणि हे सगळं अपडेटनंतरच सुरू झालं असेल, तर लॅपटॉप चालू होताना ग्रबच्या यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि जुना कर्नल निवड. त्यावर सुरळीत चाललं तर चोर सापडला. विंडोजही त्याच लॅपटॉपवर असेल तर तिथलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून टाक. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि कधीकधी कार्ड उबंटूत नीट जागंच होत नाही.

एक मात्र पाळ, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची. चार औषधं एकदम घेतलीस तर ताप कशानं उतरला हे कसं कळणार? आणि कुठूनतरी उचललेला ड्रायव्हर घाईनं टाकू नकोस. आज चालेल, पण पुढच्या कर्नल अपडेटला तोच रुसून बसेल.

एवढं करूनही नाही जमलं तर मला विचार, रात्री दहानंतरही चालेल. पण स्क्रीनचा वाकडातिकडा फोटो नको हं, त्या ओळी कॉपी करून पाठव.