डायलिसिसवाल्यांच्या लसीच्या नांग्या

कपाशी उगवली की आपण ओळीओळीने फिरून नांग्या भरतो. डायलिसिसच्या रुग्णांच्या लसीचेही तसेच आहे. रक्तातून पसरणाऱ्या ‘ब’ काविळीचा त्यांना धोका अधिक, आणि अंगी प्रतिकारशक्ती कमी. म्हणून मात्रा दुप्पट, ४० मायक्रोग्रॅम. आरंभी, मग पहिल्या, दुसऱ्या व सहाव्या महिन्यात.

ती सहाव्या महिन्याची हमखास विसरण्याजोगी. जामसांवलीहून नागपूरला आठवड्यातून दोन-तीनदा जाणाऱ्याने लसीसाठी वेगळी खेप का करावी? आम्ही त्याला दोष देत नाही. डायलिसिसच्याच दिवशी, तिथेच टोचावे. केंद्राने दरमहा वही उघडून कोण राहिले, का राहिले हे पाहावे, एक सुधारणा करावी, पुन्हा मोजावे. घरच्यांनी तारखा कार्डावर लिहून मागाव्यात. शेवटच्या टोचणीनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासावे. प्रतिपिंडे १० युनिटांखाली असल्यास लस पुन्हा घ्यावी लागते.