वऱ्हाडची निर्भय लेखिका

अमरावती आणि अकोला ही नावे घेताच काळ्या मातीचा, कापसाने पांढराशुभ्र दिसणारा वऱ्हाड प्रांत डोळ्यांपुढे उभा राहतो. याच वऱ्हाडातील बुलढाणा येथे इ. स. १८५० च्या सुमारास ताराबाई शिंदे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे सरकारी कचेरीत नोकरीस असून सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलीने हाती पुस्तक धरणेही त्या काळी अनेकांना अमंगल वाटे. परंतु बापूजींनी लोकनिंदेची पर्वा न करता आपल्या कन्येस मराठी, संस्कृत व इंग्रजी या भाषांचे शिक्षण दिले.

सन १८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला चालला. लोकलज्जेच्या भयाने आपल्या नवजात अर्भकाचा जीव घेतल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. विधवाविवाहास १८५६ च्या कायद्याने मोकळीक दिली होती. तथापि रूढी कायद्याहून बलवत्तर होती. त्या रूढीला दोष देण्याऐवजी कित्येकांनी वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीचीच निंदा आरंभिली.

हा अन्याय ताराबाईंना सहन झाला नाही. त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिले व १८८२ मध्ये ते पुण्यास छापून प्रसिद्ध झाले. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय? पत्नी निवर्तताच पुरुषाने पुन्हा बोहल्यावर चढावे आणि विधवेने मात्र जन्मभर कोपऱ्यात बसावे, हा कोणता न्याय? इंग्रजी पोशाख आनंदाने अंगीकारणाऱ्या पुरुषांना स्त्रियांच्या बाबतीतच जुन्या चाली का आठवतात? असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. बोलीतील ठसकेबाज शब्द व धारदार उपरोध यांमुळे त्यांची भाषा वाचकाच्या काळजास भिडे.

या पुस्तकाची पुष्कळांनी हेटाळणी केली. तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू निर्भयपणे मांडली. ताराबाईंचे दुसरे कोणतेही पुस्तक मात्र आज उपलब्ध नाही. हा ग्रंथही दीर्घ काळ विस्मृतीत गेला होता. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. १९९४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या समान हक्कांचा इतिहास सांगताना आता वऱ्हाडातील बुलढाण्याचे नाव आदराने घेतले जाते.

ताराबाईंच्या हाती अधिकार नव्हता, संपत्तीचे बळ नव्हते. होती ती केवळ लेखणी. परंतु सत्यासाठी उचललेली लेखणी शतकानंतरही बोलती राहते, हेच त्यांच्या चरित्राचे मर्म होय.