बॅग विमानात टाकण्याआधी

अगं, दुबईचं बुकिंग झालं हे ऐकून फार बरं वाटलं. तू, तुझी जाऊ आणि सासूबाई, तिघीजणी पहिल्यांदाच देशाबाहेर निघालात. दुकान आणि घर यांतून तुम्हाला सवड मिळते कधी! मनसोक्त फिरा. पण काल फोनवर तू म्हणालीस, “ताई, तिकडे म्हणे टॅक्स परत देतात, मग सोनं तिथंच घेऊ,” तेव्हा वाटलं, तुझ्याशी निवांत बोलायलाच हवं. टॅक्स परत मिळतो हे खरं. पण तो किती मिळतो, कशावर मिळतो आणि कुठे बुडतो, हे नीट समजून घे. नाहीतर हजार रुपये परत मिळवायच्या नादात पन्नास हजारांची नको ती खरेदी होते.

तू रोज जीएसटीची बिलं करतेस, त्यामुळे तुला हे चटकन कळेल. व्हॅट म्हण, जीएसटी म्हण, हा कर माल जिथे वापरला जातो तिथला असतो. देशाबाहेर जाणाऱ्या मालावर तो घ्यायचा नाही, हे तत्त्व. आपल्याकडचा निर्यातदार कागद दाखवून परतावा मागतो ना, तसंच हे. फक्त इथे निर्यात करणारी तू आणि माल तुझ्या बॅगेत. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. हॉटेलच्या खोलीवरचा, जेवणावरचा, सहलीच्या तिकिटावरचा कर परत मिळत नाही, कारण ते सगळं तिथेच उपभोगलं. माल बाहेर चाललाय हे दाखवावं लागतं, म्हणून विमानतळावर तपासणी. आणि तू त्या देशाची रहिवासी नाहीस हे दाखवावं लागतं, म्हणून पासपोर्ट.

आता दुबईचा हिशेब. अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून पर्यटकांना तो परत मिळू लागला. खरेदी किमान २५० दिरहमची हवी. भरलेल्या कराचे साधारण ८५ टक्के मिळतात आणि त्यातूनही दर बिलामागे ४ दिरहम ८० फिल्स शुल्क जातं. १,०५० दिरहमचं बिल धर. त्यात कर ५० दिरहम. त्याचे ८५ टक्के म्हणजे साडेबेचाळीस. शुल्क वजा जाता हातात येतात सुमारे ३८ दिरहम. आपले साधारण नऊशे रुपये. आणि बिल जेमतेम २५० चं असेल तर? पाच दिरहम आणि वर थोडी चिल्लर. म्हणून २३० दिरहमची खरेदी झाली असताना “रिफंडसाठी अजून काहीतरी घ्या” असं दुकानदार म्हणाला, तर हसून पैसे दे आणि बाहेर पड.

शुल्क बिलामागे आहे, हे मात्र लक्षात ठेव. एकाच दुकानात सकाळी पर्स, संध्याकाळी अत्तर अशी दोन बिलं करण्यापेक्षा सगळं एकदम घे आणि एकच बिल कर. बिल करण्याआधीच “टॅक्स फ्री” म्हणून सांगायचं आणि पासपोर्ट पुढे करायचा. योजनेत असलेल्या दुकानांवर तशी पाटी असते, पण सगळी दुकानं योजनेत नसतात. आणखी एक, ज्या पासपोर्टवर बिल, तिनेच विमानतळावर वस्तू घेऊन उभं राहायचं. सासूबाईंच्या नावावर तिघींची बिलं फाडलीत तर रांगेत त्यांना उभं राहावं लागेल आणि तुमच्या दोघींच्या पिशव्या त्यांच्याजवळ लागतील. त्यांचे गुडघे लक्षात घेता मोठ्या खरेदीची बिलं तू तुझ्या नावावर घे.

विमानतळावरचा क्रम हा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या बायकांची सवय काय, विमानतळावर पोचल्या पोचल्या जड बॅगा काउंटरवर देऊन मोकळं व्हायचं. बॅग पट्ट्यावरून गेली की दाखवायला माल उरला नाही आणि रिफंडही गेला. दुबईत चेक-इनच्या आधी रिफंडच्या यंत्रापाशी जायचं, पासपोर्ट लावायचा, सांगितलं तर वस्तू उघडून दाखवायच्या, आणि मगच बॅगा द्यायच्या. सिंगापूरला चांगी विमानतळावरही मोठ्या बॅगेत जाणाऱ्या मालाचं चेक-इनच्या आधीच करायचं. थायलंडमध्ये कस्टमचा शिक्का चेक-इनच्या आधी आणि पैसे इमिग्रेशनच्या पुढे गेल्यावर. म्हणून रिफंडच्या वस्तू बॅगेत वरच्या थरात ठेव, वेष्टन फोडू नकोस आणि नेहमीपेक्षा तासभर आधी पोच. टूर मॅनेजरला आदल्या रात्रीच सांगून ठेव, नाहीतर पूर्ण ग्रुप तुझ्यासाठी खोळंबेल किंवा तुला घाईघाईत नाद सोडावा लागेल. पैसे कार्डावर घेताना किंवा कार्डाने खरेदी करताना यंत्र विचारतं, रुपयात की दिरहममध्ये? दिरहमच म्हणायचं. रुपये निवडलेस की त्यांचा चढा दर लागतो आणि मिळालेला कर तिथेच झिजतो.

आता सोन्याचं. इथे मला तुझी खरी काळजी वाटते. नगरच्या सराफाकडे दागिन्यावर ३ टक्के जीएसटी लागतो. दुबईत ५ टक्के व्हॅट, त्यातला मोठा भाग परत. म्हणजे कराच्या परताव्याने फार काही हाती लागत नाही. दुबईचं सोनं स्वस्त पडायचं ते मुख्यतः आपल्या आयात शुल्कामुळे, आणि ते शुल्क जुलै २०२४ मध्ये १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं तेव्हा ती तफावत बरीच आटली. त्यावर घडणावळ आली. आणि परत येताना आपलं कस्टम आहे. “बाईला ४० ग्रॅम चालतं” असं तुला प्रत्येक जण सांगेल. ती सूट वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्या बाईला आहे, पाच-सहा दिवसांच्या सहलीवरून येणाऱ्याला नाही. आणि ती दागिन्यांना आहे, बिस्किटांना नाही. शुद्ध सोन्याच्या बिस्किटावर तिकडे व्हॅटच नसतो, त्यामुळे परत मिळण्याचाही प्रश्न नाही. तेव्हा हौस म्हणून एखादी नाजूक अंगठी घे, पण लग्नाचं सोनं आपल्या सराफाकडेच, ज्याच्या दारात उद्या मोड घेऊन जाता येतं. जे आणशील ते मुंबईत उतरल्यावर लाल मार्गिकेत जाऊन सांग. बिल लपवायचं, दागिना अंगावर घालून “जुनाच आहे” म्हणायचं, हे ग्रुपमधलं कुणी शिकवेल. सासूबाईंना बरोबर घेऊन तसलं काही करू नकोस गं.

याचीच दुसरी बाजू सांगते. सासूबाई पाटल्या उतरवणार नाहीत, मला माहीत आहे. मग जाताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून त्या दागिन्यांचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. घरून सराफाचं बिल किंवा मूल्यांकनाचा कागद न्या. परत येताना पाटल्या इथूनच गेल्या होत्या हे सिद्ध करायला तोच कागद. त्यांना हे पटलं नाही तर पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये, आणि दुबईत काचेच्या बांगड्या.

तुझ्या नणंदबाई लेकीच्या बाळंतपणाला मेलबर्नला चालल्यात ना? त्यांना माझा निरोप दे. ऑस्ट्रेलियात जीएसटी १० टक्के आहे. एकाच व्यावसायिकाकडून ३०० डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदी हवी, आणि ती निघायच्या आधीच्या ६० दिवसांतली हवी. सहा महिन्यांच्या मुक्कामात आपल्या बायका पहिल्याच महिन्यात सगळ्या नातवंडांची खरेदी उरकतात. ती सगळी मुदतीबाहेर जाते. मोठी खरेदी शेवटच्या दोन महिन्यांत करायला सांग. पैसे त्यांनी स्वतः भरलेले हवेत, आणि बिल १,००० डॉलरच्या घरात गेलं तर त्यावर त्यांचं पासपोर्टवरचं नाव हवं. जावईबापूंनी प्रेमाने आपल्या नावावर बिल केलं की संपलं. मुदत सगळीकडेच असते: दुबईत ९० दिवस, थायलंडमध्ये ६०, सिंगापुरात दोन महिने. सिंगापूरचा जीएसटी २०२४ पासून ९ टक्के झालाय आणि किमान खरेदी १०० डॉलरची. थायलंडचा व्हॅट ७ टक्के; एका दुकानात एका दिवसात २,००० बाथ.

युरोप तुझ्या मनात आहे, म्हणून तेही थोडं. तिथे करच मोठा, फ्रान्समध्ये २० टक्के, जर्मनीत १९, इटलीत २२, त्यामुळे परतावाही जाणवण्याजोगा असतो, जरी परतावा देणारी मधली कंपनी त्यातला बराच वाटा ठेवून घेत असली तरी. फ्रान्समध्ये एका दुकानात १०० युरोंहून जास्त खरेदी हवी, इटलीत ७० युरोंहून. शिक्का मात्र युरोपीय संघ सोडताना, शेवटच्या ठिकाणी. आपल्या टूर बसने फिरतात आणि गोंधळ होतो तो स्वित्झर्लंडमुळे. तो देश संघात नाही. त्याचा व्हॅट वेगळा, ८.१ टक्के, किमान खरेदी ३०० फ्रँकची, आणि तिथल्या घड्याळाचा शिक्का स्वित्झर्लंड सोडताना घ्यावा लागतो, रोमला पोचल्यावर नाही. परतीचं विमान झुरिचहून असेल तर उलट, पॅरिसच्या खरेदीचा शिक्का स्वित्झर्लंडच्या हद्दीत शिरतानाच. बस तिथे थांबणार आहे का, हे बुकिंग करतानाच विचार. लंडनबद्दल जुन्या आठवणींवर विसंबू नकोस. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडमधल्या दुकानांतून प्रवाशांना व्हॅट परत मिळणं बंद झालं. कॅनडाने तर २००७ मध्येच बंद केलं. अमेरिकेत सेल्स टॅक्स राज्यांचा असतो, परत देणारी देशव्यापी योजना नाही. मात्र डेलावेअर, ओरेगन, मोंटाना, न्यू हॅम्पशायर या राज्यांत तो कर मुळात नाहीच. तिकडे ज्यांची लेक असेल त्यांनी तिला विचारून घ्यावं.

तू आणखी एक विचारलं होतंस, मेहेराबादला आलेले पाहुणे दुकानात येतात आणि “आम्हाला टॅक्स परत मिळेल का” म्हणून विचारतात, त्यांना काय सांगायचं. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला अरणगावात मेहेरबाबांच्या समाधीला जगभरातून माणसं येतात, अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून, इराणमधून, आणि त्यातली कितीतरी कापडबाजारात फिरतात. आपल्या कायद्यात ही तरतूद आहे. २०१७ च्या एकात्मिक जीएसटी कायद्याचं कलम १५ म्हणतं की जास्तीत जास्त सहा महिने राहायला आलेल्या पर्यटकाने सोबत नेलेल्या मालावरचा कर परत द्यावा. पण प्रत्यक्षात ती सोय सुरूच झालेली नाही. विमानतळावर काउंटर नाही, दुकानदाराला द्यायला फॉर्म नाही. तेव्हा त्यांना स्पष्ट “नाही” सांग, आणि रिफंड मिळेल असं भासवून माल विकू नकोस. मला मनापासून वाटतं की हे सुरू व्हायला हवं. शिर्डीला परदेशातून माणूस येतो, तुमच्याकडून दोन साड्या, चार पंचे नेतो. त्याला निघताना पाच टक्के परत मिळाले तर पुढच्या वेळी तो सहा साड्या नेईल. आणि पावती मागणारं गिऱ्हाईक वाढलं की कच्च्या बिलांचा धंदाही आपोआप कमी होईल. व्यापारी संघटनेच्या बैठकीत तुझ्या नवऱ्याला हा विषय काढायला सांग.

आता जे पैसे खरंच विसरले जातात ते सांगते. परदेशी टूरचे पैसे भरताना कंपनी तुमच्याकडून टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केलेला आयकर, घेते. त्याचा दर अर्थसंकल्पांत बदलत आलाय, पण तो पॅकेजच्या पूर्ण रकमेवर लागतो, त्यामुळे तो दुबईतल्या तुझ्या व्हॅटपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. ही रक्कम ज्याच्या पॅनवर भरली त्याच्या नावे आयकराच्या पोर्टलवर दिसते, आणि रिटर्न भरलं की करात वळती होते किंवा परत मिळते. सासूबाईंचं उत्पन्न करपात्र नाही म्हणून त्या रिटर्न भरत नाहीत. मग त्यांच्या पॅनवरचा टीसीएस तसाच पडून राहील. बुकिंगच्या पावतीवर कुणाचा पॅन घातलाय ते आजच बघ. तिघींचा वेगवेगळा असेल तर तिघींचं रिटर्न भरावं लागेल, आणि सासूबाईंचं बँक खातं पॅनशी जोडलेलं आहे का तेही तपासायला लागेल. येत्या रविवारी दुकान बंद झाल्यावर पावती, तिघींची पॅन कार्डं आणि सासूबाईंचं पासबुक घेऊन ये, मी पोर्टल उघडून ठेवते.