मोरपिसातील रचनारंग

भोर व वेल्हे भागात पावसाळ्याच्या उत्तरार्धात भातखाचरांच्या बांधावर मोरांची गळालेली पिसे सापडतात. असे पीस उजेडासमोर धरून आरपार पाहावे. निळे-हिरवे तेज जाऊन ते तपकिरी दिसते.

कारण पिसात निळे वा हिरवे रंगद्रव्य नसतेच. त्याच्या बारीक तंतूंत मेलॅनिन या काळपट द्रव्याच्या सूक्ष्म कांड्या जाळीप्रमाणे रचलेल्या असतात. कांड्यांतील अंतर सुमारे 140 नॅनोमीटर असल्यास निळा, 150 असल्यास हिरवा व 165 असल्यास पिवळा रंग परावर्तित होतो, असे शांघायच्या शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये दाखविले. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय.

अशाच रचनारंगाच्या तत्त्वावर, मॉर्फो फुलपाखराच्या पंखावरून, जपानमध्ये नायलॉन व पॉलिएस्टरचे 61 थर असलेला चमकदार निळा धागा तयार करण्यात आला. असा धागा रंगवावा लागत नाही. त्यामुळे रंगाचे सांडपाणी ओढ्यात व पुढे शेतात येण्याचे टळते.

शास्त्रज्ञ ज्याकडून शिकतात तो मोर आपल्याच शिवारात आहे. बियाणे टिपतो म्हणून त्यास विष घालू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे. पेरलेले बी मातीने नीट झाकावे व उगवण होईपर्यंत राखण करावी.